जाहिरातींविना टोरोंटो : सीबीसी रेडिओ वन, ९९.१ एफएम

टोरोंटोत सकाळी गाडी चालवणाऱ्याला गार्डिनर एक्स्प्रेसवेवरची कोंडी, टीटीसी या शहर वाहतूक सेवेचा खोळंबा आणि हवामान हे सारे एका दमात सांगून, पुढच्याच क्षणी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाकडे वळणारा ‘मेट्रो मॉर्निंग’ हा कार्यक्रम, माझ्या मते, सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या या केंद्राचा खरा कणा आहे. मुलाखतकार प्रश्न नेमका विचारतो आणि उत्तर टाळणाऱ्याला सहजासहजी सोडत नाही. शिवाय मध्येच सोफासेटची जाहिरात घुसत नाही, हे सुख आकाशवाणीवर वाढलेल्या कानांनाही आता दुर्मीळच.

७४० एएमवरून १९९८ मध्ये एफएमवर आलेल्या या केंद्रावर संध्याकाळी लागणारा ‘ॲज इट हॅपन्स’ १९६८ पासून चालू आहे. जगात कुठेही काही घडले की थेट तिथल्या माणसाला फोन लावायचा, ही त्याची साधी पद्धत. फोनच्या खरखरीत आवाजातूनही घटनेचा ताजेपणा पोहोचतो.

रात्री मात्र निराशा होते, कारण दिवसाचे कार्यक्रम पुन्हा वाजतात आणि मध्यरात्रीनंतर परदेशी प्रसारकांचा ताबा असतो. ब्रॅम्प्टन, मिसिसागासारख्या उपनगरांना, जिथे मराठी घरेही बरीच आहेत, मध्यवर्ती शहराच्या मानाने वेळ कमी मिळतो, असेही मला वाटते. १९३९ पासून रोज वाजणारा अचूक वेळेचा ‘टूं’ २०२३ मध्ये बंद केला, तोही ठेवायला हवा होता. तरीही शहरात नव्याने आलेल्या माणसाने सकाळचा तासभर तरी हेच केंद्र लावावे.