'जेएफके' की 'जॅकी': एकाच हत्येनंतरचे दोन सिनेमे

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या हत्येवरचा एकच सिनेमा बघायचाय, कुठला बघू, असं विचारलं की दहापैकी नऊ जण 'जेएफके' म्हणतात. ऑलिव्हर स्टोन, केविन कॉस्नर, कटकारस्थान, तीन तासांचा ऐवज. नाव आधी येणारच. केनेडींच्या पत्नीवरचा, पाब्लो लारायनचा 'जॅकी' मात्र बऱ्याच जणांना 'नॅटली पोर्टमनचा तो गुलाबी सूटवाला' इतपतच माहीत असतो. डॅलसमध्ये २२ नोव्हेंबर १९६३ ला काय झालं हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो आणि थेट मुद्द्यावर येतो.

'जेएफके'च्या पदरात त्याचं माप आधी टाकायला हवं. न्यू ऑर्लिन्सचा सरकारी वकील जिम गॅरिसन (सिनेमात कॉस्नर) यानं क्ले शॉ या तिथल्या बड्या व्यापाऱ्यावर कटाचा खटला भरला. या हत्येसाठी कोर्टात उभा राहिलेला तो एकमेव खटला, आणि १९६९ साली ज्यूरीनं तासाभराच्या आत शॉला निर्दोष सोडलं. नायक सपशेल हरतो हे आधीच माहीत असूनही माणूस जागचा हलत नाही, ही किमया संकलनाची. त्याला ऑस्कर मिळालं ते रास्तच. जो पेशीनं केलेला भेदरलेला संशयित डेव्हिड फेरी एकदा बोलत सुटला की आपल्यालाही धाप लागते. आणि एक खट्याळपणा: हत्येच्या सरकारी चौकशीसाठी नेमलेल्या ज्या वॉरन आयोगाच्या अहवालाला गॅरिसननं हयातभर विरोध केला, त्या आयोगाच्या अध्यक्षाच्या, अर्ल वॉरनच्या भूमिकेत खुद्द गॅरिसनलाच उभं केलंय. सिनेमावरून इतका गदारोळ झाला की १९९२ साली अमेरिकी काँग्रेसनं हत्येची सरकारी कागदपत्रं खुली करण्याचा कायदा केला. किती सिनेमांच्या नावावर असं काही जमा असतं?

आता माझं घोडं कुठे अडलं ते सांगतो. स्टोन जुनी खरी फीत आणि स्वतः चित्रित केलेली नवी दृश्यं एकमेकांत अशी गुंफतो की सांधा दिसू नये. कृष्णधवल, दाणेदार, हलता कॅमेरा. कधी खरी बातमीफीत, कधी नट, आणि सेकंदात परत कोर्ट. आमच्याकडे हा सिनेमा घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. थोड्या थोड्या वेळानं बाबांचा प्रश्न यायचा, "हे खरं का रे?" मी थांबवायचो, फोनवर शोधायचो, परत सुरू करायचो. हत्येचा आरोप असलेल्या ऑस्वल्डचा हातात रायफल घेतलेला परसातला प्रसिद्ध फोटो आठवतोय? सिनेमात कुणाचे तरी हात तो कापून जोडताना दिसतात, तेही असे की जणू त्या खोलीत तेव्हा कॅमेरा होता. पुढे अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीनं तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली तेव्हा त्या फोटोत बनावटीचा पुरावा सापडला नव्हता. तसंच 'एक्स' या निनावी खबऱ्याचं. डोनाल्ड सदरलंड वॉशिंग्टनच्या बाकावर बसून गॅरिसनला सगळं गुपित उलगडून सांगतो. अख्ख्या सिनेमाचा कणा असलेला हा प्रसंग, आणि अशी भेट त्या काळात झालेलीच नव्हती.

सिनेमानं कल्पना लढवू नये असं माझं म्हणणं नाही. ऐतिहासिक नाटकाला तेवढी सूट असतेच, नाहीतर सरळ माहितीपट पाहावा. पण वॉरन आयोगानं डोळ्यांत धूळ फेकली असं बजावणाऱ्या सिनेमानंच आपल्या डोळ्यांवरचा आपला भरवसा काढून घ्यावा, हे काही मला पचलं नाही. शेवटच्या भाषणात कॉस्नरचा आवाज भरून येतो तेव्हा मी मनात हिशेब करत होतो, यातलं किती धरायचं आणि किती सोडायचं. काहींना हाच खेळ आवडतो. माझ्या एका मित्राच्या मते हा गोंधळ हाच सिनेमाचा मुद्दा आहे. असेलही.

गंमत म्हणजे 'जॅकी'ही तेच करतो. १९६२ साली जॅकलिन केनेडींनी टीव्हीवर व्हाइट हाउसची सफर घडवली होती. तो कार्यक्रम इथे पोर्टमनला घेऊन त्याच जुन्या, अंधुक रूपात पुन्हा उभा केलाय. फरक एवढाच की इथे कॅमेऱ्यामागून तिला हसायची खूण करणारी सहायकही दाखवतात. खोटं कसं रचलं जातं तेच आपण बघत असतो. सिनेमाचा सांगाडा आहे हत्येनंतर आठवड्याभरात हायानिस पोर्टच्या घरी दिलेली मुलाखत. ती पत्रकाराला मनातलं सगळं सांगते, मग यातलं काही छापायचं नाही म्हणून बजावते, त्याची टिपणं स्वतः दुरुस्त करते, आणि हातात पेटलेली सिगारेट असताना शांतपणे सांगते की मी सिगारेट ओढत नाही. इतिहास कोण लिहितं याचं उत्तर एवढ्याशा वाक्यात मिळून जातं. मला फोन हातात घ्यावासा वाटला नाही.

बाकी सिनेमा म्हणजे मर्तिकाचं घर. कोणत्या वाटेनं न्यायचं, कोण चालणार, कुठे पुरायचं, सल्ले देणारे ढीगभर, आणि ज्या बाईचा नवरा गेला तिला धड रडायलाही उसंत नाही. शववाहिकेत ती चालकाला विचारते, जेम्स गारफील्ड कोण माहीत आहे? विल्यम मॅकिन्ली? नाही. आणि लिंकन? तो माहीत असतो. हत्या झालेल्या चार राष्ट्राध्यक्षांपैकी दोघांना लोक विसरले, हे तिला तिथेच कळतं आणि ती लिंकनच्या अंत्ययात्रेची पुस्तकं मागवते. २५ नोव्हेंबरला ती सेंट मॅथ्यूज कॅथेड्रलपर्यंत जी पायी चालली, त्यामागे दुःखाइतकाच हा हिशेब होता, असं सिनेमा सुचवतो. ऑगस्टमध्ये दोन दिवसांचाही न होता गेलेलं तिचं बाळ, पॅट्रिक, तेही मागून येतं. ते मी इथे उलगडत नाही.

'जॅकी'त खोट नाही असं नाही. पोर्टमनचे ते श्वास घेत, जपून टाकलेले उच्चार सुरुवातीला कानाला खटकतात. मूळ ध्वनिफिती ऐकल्या की कळतं की बाई तशाच बोलायच्या. मिका लेव्हीचं संगीत घसरत्या स्वरांचं आहे, काहींना डोकेदुखी वाटेल. जॉन हर्टच्या पाद्र्याबरोबरचे संवाद मला जरा पुस्तकी वाटले. काळ सारखा पुढेमागे होतो, आणि बॉबी (केनेडींचा भाऊ) कोण, लेडी बर्ड (उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची पत्नी) कोण, हे कुणी समजावत बसत नाही. ऑस्वल्डबद्दल काही कळेल या आशेनं बसाल तर हात हलवत परत याल.

तेव्हा कोर्टाची जुगलबंदी आवडत असेल, मित्रमंडळी जमणार असतील आणि नंतर रात्रभर वाद घालायची तयारी असेल, तर 'जेएफके' घ्या, पैसे वसूल आहेत. एकट्यानं किंवा घरच्या एखाद्याबरोबर एकच संध्याकाळ द्यायची असेल, तर मी 'जॅकी'च लावीन. शंभर मिनिटांत संपतो, हाही गुणच. दोन्ही बघायचे असतील तर आधी 'जॅकी' बघा. म्हणजे 'जेएफके'मध्ये ती गाडी हत्येच्या जागी, डीली प्लाझात वळते तेव्हा मागच्या सीटवरची बाई तुमच्या ओळखीची असेल. आणि 'जेएफके' शोधताना १८९ मिनिटांची, थिएटरात आलेली आवृत्ती घ्या. दिग्दर्शकाची २०६ मिनिटांची आवृत्तीही मिळते, पण त्या वाढीव सतरा मिनिटांत मला तरी जास्तीचं काही सापडलं नाही.