ग्रॅव्हिटी बाईक: सात महिने, चार हजार सातशे रुपये आणि एक वॉलट्यूब

मागच्या रविवारी दुसऱ्या वळणावर मागचं चाक बसलं. काही टोचलं नव्हतं, टायर शाबूत होता. वॉलट्यूब, म्हणजे ट्यूबच्या वॉल्व्हमध्ये हवा अडवणारी बारीक रबरी नळी, फाटली. दोन रुपयांची. वेग पन्नासच्या आसपास असेल. मागचं चाक रिमवर आलं, सायकल बाहेरच्या बाजूला निसटली आणि मी डाव्या कुशीवर पंधरा-वीस फूट डांबर पुसत गेलो. हेल्मेट, गुडघ्याचे गार्ड आणि जाड जॅकेट होतं म्हणून हे बसून लिहितोय. जॅकेट मित्राचं होतं. त्याचं कोपर फाटलं, ते भरून द्यायचंय, त्यामुळे शीर्षकातला आकडा आताच खोटा ठरलाय.

ग्रॅव्हिटी बाईक म्हणजे नुसत्या उताराच्या जोरावर पळणारी सायकल. पेडल नाही, साखळी नाही, उतार संपला की उतरून ढकलायची. नोव्हेंबरमध्ये बांधली, मे संपेपर्यंत जवळजवळ दर रविवारी चालवली. जागा मुळशीच्या बाजूला, ओळखीतल्या एकांच्या प्लॉटिंगचा डांबरी रस्ता: चौदाशे मीटर लांबी, 95 मीटर उतार, तीन वळणं, खाली गेट. गेट बंद करून, एक माणूस शिट्टी घेऊन मधल्या वळणावर उभा करूनच आम्ही सुटतो. सिंहगडावर किंवा ताम्हिणीत रविवारी हे करायला जाणाऱ्यांनी माझ्याशी बोलू नये.

सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली लहान मुलांची 20T, म्हणजे वीस इंची चाकांची, होती, पुढेमागे डिस्क ब्रेकवाली. मालकांनी दोन हजार सांगितले, पंधराशेला दिली. डिस्कवाली घेतली हा सगळ्या प्रकल्पातला एकमेव शहाणपणा. साध्या स्टील रिमवर रबराचे ब्रेक बऱ्यापैकी चालतात, पण सकाळच्या दवात रिम ओली झाली की लिव्हर दाबून नुसतं देवाचं नाव घ्यायचं.

वेल्डिंगला आधी कोपऱ्यावरच्या ग्रिल-गेटवाल्याकडे गेलो, कारण तो तीनशेत तयार झाला. मागच्या ॲक्सलजवळ पाय ठेवायच्या पेगसाठी पट्टी जोडायची होती. त्याने गेटला लावतो तेवढा करंट लावला आणि सायकलच्या पातळ पाइपाला करंगळी जाईल एवढं भोक पाडलं. वर म्हणतो, "साहेब, पाइपच हलका आहे." हलकाच असणार, सायकल आहे ती, बिल्डिंगचं गेट नाही. मग दुसऱ्याने गॅसवर पितळ भरून भोक बुजवलं आणि पट्ट्याही पितळेनेच बसवल्या. साडेसहाशे घेतले, पण सात महिन्यांत एक तडा नाही. तीनशे वाचवायला जाऊन तीनशे घालवले. बायको हे वाक्य अजून पाहुण्यांना ऐकवते.

टायरमध्येही फसलो, ते इथे मुद्दाम लिहितो. "वीस इंची" म्हणून जे विकतात त्यात निदान दोन वेगळी मापं असतात. मुलांच्या आणि बीएमएक्स सायकलींचा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास 406 मिलिमीटर. 20 गुणिले 1 पूर्णांक 3/8 असं अपूर्णांकात छापलेल्या टायरचा 451. मी स्वस्त बघून ऑनलाइन दुसरा मागवला. तो आमच्या रिमवर आजोबांच्या धोतरासारखा सैल बसला. परत पाठवायचे 120 रुपये खिशातून गेले. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात 406 का 451 छापलेलं असतं, घेण्याआधी तेवढं वाचा.

वेगाबद्दल. सुरुवातीला माझी समजूत होती की वजन वाढवलं की झालं. मी 76 किलो, सायकल 24, एकूण शंभर. व्यायामाच्या पाच-पाच किलोच्या दोन प्लेटा फ्रेमच्या पोटात आवळून बांधल्या. पहिल्या सरळ चारशे मीटरच्या शेवटी मोबाइलवर 58 दिसायचे, तिथे 60 दिसायला लागले. फक्त दोन. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे लांबच लांब उतारावरसुद्धा वजन दहा टक्के वाढवून वेग जेमतेम पाच टक्के वाढतो. ब्रेकच्या वाट्याला मात्र वजनही वाढीव आणि वेगाचा वर्गही वाढीव, म्हणजे या ताशी दोन किलोमीटरसाठी सतरा-अठरा टक्के जास्त उष्णता. प्लेटा तिसऱ्या रविवारी काढल्या.

उलट हँडल खाली घेतल्याचा फायदा बघा. भंगारातला दोनशेचा पाइप कापून चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या, दोन्ही बाजूंना क्लॅम्पने आवळला, छाती खाली, हनुवटी जवळजवळ हँडलच्या दांडीवर. त्याच चारशे मीटरला 53 चे 58 झाले. ताशी पाच किलोमीटर, दोनशे रुपयांत. फक्त चिमट्याच्या वरच्या-खालच्या कपातले छर्रे नवे घाला आणि खेळ, म्हणजे ढिलेपणा, अजिबात ठेवू नका. माझ्यात अर्ध्या मिलिमीटरचा खेळ राहिला होता. 45 च्या पुढे हँडल थरथरायला लागलं आणि दात वाजायला लागले. 110 रुपयांचे छर्रे आणि ग्रीस घालून नीट आवळल्यावर थांबलं.

ब्रेकबद्दल जानेवारीत मी एका वहीत लिहून ठेवलं होतं, तेच आधी इथे उतरवतो: "मूळचे वायरवाले डिस्क ब्रेक, 160 मिलिमीटरची चकती, या वजनाला भरपूर झाले. हायड्रॉलिकवर (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकवर) चार हजार घालवणारे वेडे."

आता मत बदललंय, पण अर्धंच. फेब्रुवारीत ऊन वाढल्यावर तिसऱ्या फेरीत तिसऱ्या वळणाआधी लिव्हर हँडलला टेकायला लागली. खाली थांबून चकतीवर बाटलीतले दोन थेंब टाकले तर तव्यावर पडल्यासारखे चर्र करून उडाले. पॅड काढून पाहिले तर आरशासारखे गुळगुळीत. नवे पॅड, नवी वायर, वायरीवरचं नवं आउटर, सगळे 740 रुपये. आणि सवय बदलली: उतारभर ब्रेक घासत यायचं नाही, वळणाआधी सरळ रस्त्यावर जोरात दाबायचा आणि सोडायचा, मग चकतीला वारा लागतो. दोन फेऱ्यांमध्ये दहा मिनिटं थांबतो. तेव्हापासून तक्रार नाही. हायड्रॉलिकवाले वेडे नाहीत. त्यांच्याकडे चार हजार आहेत एवढंच.

आता मूळ रडगाणं. ट्यूब.

दुकानात दोन ट्यूब होत्या. मोटरसायकलसारख्या वॉल्व्हची 230 रुपयांना आणि आपल्या जुन्या सायकलींच्या वॉल्व्हची 90 ला. मी अर्थातच नव्वदवाल्या दोन घेतल्या. 280 रुपये वाचवले म्हणून त्या दिवशी स्वतःला एक स्पेशल चहासुद्धा पाजला.

या जुन्या वॉल्व्हमध्ये हवा अडवणारी एकच वस्तू असते: पितळी खिळीवर चढवलेली ती गव्हाच्या काडीएवढी रबरी नळी. खिळीच्या बाजूला बारीक छिद्र, त्यावर नळी चापून बसते. पंप मारला की हवा नळी फुगवून आत शिरते, थांबलं की नळी छिद्र झाकते. लहानपणी आपण सगळ्यांनी वॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहिलंय. घरून शाळेत जायला ही योजना उत्तम आहे.

इथे भानगड अशी की या वॉल्व्हमधून आतलं प्रेशर मोजताच येत नाही. गेज लावलं तरी ती नळी आतली हवा बाहेर येऊ देत नाही, मग गेज वाचणार काय? पंपाचा काटा दाखवतो तोही खोटा, कारण त्यात नळी उघडायला लागलेला जोर मिसळलेला असतो. मी काट्यावर पन्नास बघून समाधानाने घरी जायचो, आत नक्की किती होतं ते देवाला ठाऊक. पाच महिने माझा रविवार असा सुरू व्हायचा: पहाटे अंगठ्याने टायर दाबायचा, मऊ वाटला की पंप, मग थुंकी, मग बुडबुडा, मग नवी वॉलट्यूब. एप्रिल-मेमध्ये सायकल गच्चीवर पत्र्याखाली होती, तिथे ते रबर वाळून कडक झालं. फाटलेली नळी मी जपून ठेवलीय. खिळीच्या टोकाशी उभा चिरा आहे, नखाने उघडतो.

सोमवारी ती घेऊन दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा विशीतला. "काका, वॉलट्यूबला कुठे वॉरंटी असते?" मी म्हटलं, वॉरंटी नको, पण विकताना सांगायचं तरी, की ही डाउनहिलला चालत नाही. तो म्हणाला, "तुम्ही कुठे सांगितलं डाउनहिलला? तुम्ही म्हणालात स्वस्तातली द्या." म्हणालो होतो. तरी मी दहा मिनिटं भांडलो, कारण "काका" लागलं होतं. मग मालक आतून आले, त्यांनी अर्धा फूट वॉलट्यूब कापून फुकट हातात ठेवली. त्याने माझा आणखी अपमान झाला.

जून लागल्यावर हे लिहितोय. पाऊस सुरू झालाय, रस्त्यावर शेवाळ आणि म्हशींचं शेण एकत्र आहे, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत सुट्टी. 230 वाल्या दोन ट्यूब घातल्या. रिमचं भोक तेच चाललं. 55 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरले, दुसऱ्या दिवशी सकाळी गेज लावलं: 54. तो एक पीएसआयही बहुधा गेज लावता-काढतानाच गेला असेल. मी तिसऱ्या दिवशीही मोजलं, चौथ्या दिवशीही. पाच महिने जे दिसत नव्हतं ते दिसतंय, म्हणून सायकल हलत नसतानाही रोज मोजतोय. बायको विचारते, बाळाचा ताप बघताय का?

हिशेब: सायकल 1500, दोन वेल्डर मिळून 950, टायर 900, टायर परत पाठवण्याचे 120, हँडलचा पाइप 200, ब्रेकचं सामान 740, छर्रे आणि ग्रीस 110, जुन्या ट्यूब 180. झाले 4700. नव्या ट्यूब धरून 5160, आणि वर जॅकेट.

जुन्या दोन ट्यूब फेकल्या नाहीत. उभ्या चिरून पेगवर आणि हँडलच्या पाइपवर घट्ट गुंडाळल्या. दवात पेगवर बूट सटकायचा, आता सटकू नये. 180 रुपये वसूल.