अर्धवट आठवणारी सिंथेसायझरची धून शोधताना : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नाव माहीत नसलेली, शब्द नसलेली आणि जेमतेम आठवणारी सिंथेसायझरची धून शोधून काढण्यासाठी मी गेले काही महिने मोबाइलवरील निरनिराळी साधने नियमितपणे वापरत आहे. गाण्याची एखादी ओळ आठवली तर ती टंकून शोधता येते. वाद्यसंगीतात तो आधार नसतो. त्यातही सिंथेसायझरच्या संगीतात आपल्या मनात मुख्यतः आवाजाची जात राहते, चाल नेमकी राहतेच असे नाही. माझ्या मते हाच या शोधातील मुख्य पेच आहे. साधन निवडण्यापूर्वी आपल्याला नक्की काय आठवते आहे आणि आपल्या हाताशी काय आहे, हे ठरवले तर बराच वेळ वाचतो.

माझ्याकडे दोन वेगवेगळी कामे होती. पहिले काम केवळ आठवणीवर आधारलेले होते : पुण्यातील आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तारामंडळाच्या प्रतिकृतीमागे वाजणारी एक धून. दुसरे काम मस्कतला नोकरीला असलेल्या मामांनी आणलेल्या कॅसेटचे होते. तिच्यावरचे लेबल कधीच निघून गेले होते, पण ध्वनी शाबूत होता. वरवर सारखी वाटणारी ही दोन कामे प्रत्यक्षात अगदी भिन्न आहेत.

ध्वनिमुद्रण हाताशी असेल तर शझामसारखे अ‍ॅप वापरावे. ही सेवा इंग्लंडमध्ये २००२ मध्ये सुरू झाली, तेव्हा २५८० हा क्रमांक फिरवून फोन वाजत्या गाण्यासमोर धरावा लागे. २०१८ पासून ती अ‍ॅपलच्या मालकीची आहे. तिची पद्धत समजून घेतल्याचा मला प्रत्यक्ष उपयोग झाला. ध्वनीच्या वर्णपटातील ठळक शिखरे तेवढी निवडायची, त्यांच्या जोड्या लावायच्या, प्रत्येक जोडीतील दोन वारंवारिता आणि त्यांच्यामधील कालांतर यांची खूण तयार करायची आणि ती साठ्यातील खुणांशी ताडून पाहायची. मधली बारीक माहिती गाळलेली असल्यामुळे लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीतही दुकानातले गाणे ओळखले जाते. मात्र या पद्धतीला तेच ध्वनिमुद्रण लागते. तीच चाल दुसऱ्या कोणी वाजवलेली असेल, तर हिच्या दृष्टीने ती वेगळी वस्तू असते.

मामांच्या कॅसेटवर सुरुवातीला काहीच ओळखले जाईना. कारण टेपच्या वेगात होते. कॅसेटची फीत सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकायला हवी; जुन्या यंत्रांत हा वेग हमखास थोडा पुढेमागे होतो आणि मग वारंवारिता व कालांतर दोन्ही बदलून खुणा जुळत नाहीत. मी सूर दाखवणारे ट्यूनर अ‍ॅप टेपसमोर धरले. एका लांब धरलेल्या सुरावर काटा मध्यरेषेच्या उजवीकडे स्थिरावला, पुढच्या सुरावर तितकाच उजवीकडे, त्यापुढच्यावरही तितकाच. सगळेच स्वर अर्धस्वराच्या साधारण एक तृतीयांशाने चढे होते. अर्धस्वर म्हणजे वारंवारितेत सुमारे सहा टक्क्यांचा फरक, म्हणजे टेप जवळजवळ दोन टक्के जास्त वेगाने पळत होता. ध्वनी संगणकावर घेऊन ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधील ‘चेंज स्पीड अँड पिच’ने वेग तेवढा कमी केला. येथे ‘चेंज पिच’ किंवा ‘चेंज टेम्पो’ वापरून भागत नाही, कारण त्यांत सूर आणि लय यांपैकी एकच गोष्ट बदलते आणि टेपच्या दोषात दोन्ही बिघडलेल्या असतात. वेग दुरुस्त केल्यावर अ‍ॅपने नाव लगेच सांगितले.

नाव मात्र अनपेक्षित होते. धून फ्रेंच संगीतकार झाँ मिशेल झार यांच्या १९७६ च्या ‘ऑक्सिजेन’ या संग्रहातील चौथ्या भागाची होती, आणि पडद्यावर आले ते एड स्टारिंक. दोन्ही बरोबर होते. स्टारिंक या डच संगीतकाराने १९८९ पासून ‘सिंथेसायझर ग्रेटेस्ट’ या मालिकेसाठी गाजलेल्या इलेक्ट्रॉनिक रचना स्वतःच्या पद्धतीने नव्याने वाजवल्या. अशा संग्रहांवरच ज्यांचे या संगीताचे कान तयार झाले, त्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे, कारण मूळ रचना ऐकल्यावर ‘चाल तीच आहे, पण हे ते नव्हे’ असे वाटले तर आपली आठवण बहुधा योग्य असते. झार यांच्या ध्वनिमुद्रणात इमिनंट ऑर्गनचे तारवाद्यांसारखे सूर स्मॉल स्टोन नावाच्या फेझर या ध्वनिपरिणाम देणाऱ्या उपकरणातून गेलेले आहेत आणि त्यामुळे ते सतत हेलकावत राहतात. हेडफोन लावून दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐकल्या की फरक कानाला तत्काळ कळतो. रचनेची लांबी आणि संग्रहातील क्रम ताडून पाहण्यासाठी डिस्कॉग्ज ही ध्वनिमुद्रिकांची सूची फार उपयोगी पडली. अ‍ॅपने सांगितलेले नाव तेथे पडताळल्याशिवाय मी आता वहीत उतरवत नाही.

केवळ आठवणीतील धुनेसाठी गुणगुणून शोधण्याचा पर्याय आहे. गूगलने तो ऑक्टोबर २०२० मध्ये आणला. दहा-पंधरा सेकंद गुणगुणावे किंवा शीळ घालावी, एवढीच अपेक्षा असते. येथे आवाजाची जात, साथीची वाद्ये हे सारे वजा करून उरलेल्या सुरावटीचे आकड्यांच्या मालिकेत रूपांतर केले जाते. त्यामुळे कोणत्या पट्टीत गुणगुणले याने बिघडत नाही, स्वरांमधील अंतर सांभाळले की पुरते. सिंथेसायझरच्या श्रोत्याची अडचणही येथेच आहे. जे आपल्याला सर्वांत ठसठशीत आठवते, तेच या पद्धतीत आधी गाळले जाते. खालून चालणारा यांत्रिक ठेका गुणगुणला, तर हाती काहीच लागत नाही. वर तरंगणारी मुख्य सुरावट वेगळी काढून तेवढीच द्यावी लागते.

माझी पत्नी अनेक वर्षे शास्त्रीय गायन शिकली आहे. तिचे गुणगुणणे माझ्यापेक्षा कितीतरी सुरेल, तरीही तिला उत्तरे मिळत ती हिंदी चित्रपटगीतांची. स्वरावरून स्वरावर जाताना तिच्या गळ्यातून सहज येणारी मींड हे त्याचे कारण असावे, असे आम्हाला वाटले. तिने मींड टाळून, प्रत्येक स्वरावर स्वतंत्र ‘ता’ उच्चारून तीच ओळ सपाट म्हटली, तेव्हा सुचवण्यांच्या यादीत इलेक्ट्रॉनिक रचना दिसू लागल्या. कळ दाबल्यावर वाजणाऱ्या वाद्याची चाल द्यायची असेल तर ही पद्धत मी खात्रीने सुचवीन.

डेनिस पार्सन्स यांनी १९७५ मध्ये सुरावटींचा एक कोश काढला होता. पुढचा स्वर वर गेला, खाली आला की तोच राहिला, एवढेच त्यात नोंदवलेले असते, आणि म्युझिपीडिया या संकेतस्थळावर त्या पद्धतीने शोध घेता येतो. माझी धून तेथे सापडली नाही. पण गुणगुणण्यापूर्वी चालीची चढउतार कागदावर मांडण्याची जी सवय लागली, तिने आठवण बरीच स्वच्छ झाली. वर्णन लिहून संभाषण करणाऱ्या एआय सहायकांनाही विचारून पाहिले. त्यांची उत्तरे ठाम होती, मात्र ऐकून पाहिल्यावर ती टिकली नाहीत.

प्रदर्शनातील धून अखेर सापडली ती सुरावटीबाहेरच्या एका तपशिलामुळे. धून संपताना एक आवाज इंग्रजीत वेळ सांगत असे. कॅसेट भरताना रेडिओवरची घोषणा चुकून आली असावी, असे शाळेत सगळेच मानत. गुणगुणून मिळालेल्या यादीत ग्रीक संगीतकार व्हँगेलिस यांची ‘पल्स्टार’ ही रचना होती, पण जुळणीची टक्केवारी इतकी कमी होती की ती सहज नजरेतून सुटली असती. सिंथेसायझर, वाद्यसंगीत आणि शेवटी वेळ सांगणारा आवाज, असे वर्णन इंग्रजीत टंकल्यावर तेच नाव पुन्हा समोर आले. ही रचना व्हँगेलिस यांच्या लंडनमधील नेमो स्टुडिओत झालेल्या, १९७६ च्या ‘अल्बिडो ०.३९’ या संग्रहातील आहे आणि तिच्या शेवटी ब्रिटनच्या टेलिफोन सेवेचे बोलते घड्याळ ऐकू येते. रचनेचे नाव पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद देणाऱ्या ताऱ्यांवरून आलेले आहे. त्यातला पहिला तारा १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांच्या नजरेस पडला. आपल्या पुणे जिल्ह्यात खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना ज्यांचा वेध घेतात, त्यांत हेच तारे आहेत. प्रदर्शनासाठी ही धून निवडणाऱ्या शिक्षकांविषयी मला त्या दिवशी फार आदर वाटला.

वापरणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. येथे उल्लेखलेली सर्व साधने मी पैसे न भरता वापरली. मायक्रोफोनची परवानगी ‘अ‍ॅप वापरताना’ एवढीच ठेवली तरी काम अडत नाही. नेटवर्क नसेल तेव्हा शझाम नमुना साठवून ठेवते आणि जोडणी मिळाल्यावर उत्तर देते, त्यामुळे ताम्हिणी घाटात गाडीत लागलेली धूनही हातची जात नाही. गुणगुणताना पंखा बंद ठेवावा आणि फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा. यादीतील कमी टक्केवारीची नावेही प्रत्येकी मिनिटभर ऐकावीत. आणि धून आठवताच तिच्याबरोबर ऐकू आलेले इतर सारे, म्हणजे वाऱ्यासारखा आवाज, घड्याळाचे ठोके, कोणाचे बोलणे, शोध सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवावे, कारण सुचवलेल्या पाचदहा रचना ऐकल्या की त्यांचे आवाज मूळ आठवणीत मिसळू लागतात.