विहिरीच्या वासापायी १,३२,१६० रुपये घालवले, तुम्ही घालवू नका

शिव्या गाळून लिहितोय. कोल्हापुरात रिंगरोडच्या पलीकडं आमची १४ घरांची कॉलनी, सगळ्यांत मिळून एक विहीर आणि पाण्याला सडक्या अंड्याचा वास. बायकोचे हुपरीचे चांदीचे पैंजण महिन्यात काळेठिक्कर. मी कॉलनीचा खजिनदार, म्हणजे पैसे गोळा करणारा मीच आणि आता तोंड चुकवत फिरणारा पण मीच.

तर वास घालवायचा फिल्टर विकणारा एक जण दोन ग्लास आणि लोखंडी दांड्यांचं, करंट सोडायचं मशीन घेऊन आला, तुम्ही बघितलं असणारच. विहिरीचं पाणी दोन मिनिटात तपकिरी चिखल, त्याच्या बाटलीतलं आरओचं पाणी आहे तसंच. "बघा साहेब, हे गंधक पिताय तुम्ही." तेवढ्यात शेजारच्या आजी म्हटल्या, "त्येच्या पाण्यात बी चिमूटभर मीठ टाकून बघ की गा." आणि मी, बीकॉम झालेला शहाणा, म्हटलं आजी तुम्ही जरा गप्प बसा. त्यानं लगेच वायर गुंडाळायला घेतली. मी बघत होतो राव, समोर उभा राहून बघत होतो! तो रंग गंधकाचा नव्हताच, लोखंडी दांडी झिजून आलेला. क्षाराच्या पाण्यातनं करंट जातो, आरओच्या पाण्यातनं जवळपास जात नाही, एवढाच खेळ, मीठ टाकलं असतं तर त्याचाही चिखल झाला असता. वास घालवायला आलेल्या माणसानं पाणी एकदाही नाकाला लावलं नाही, हे पण नंतर आठवलं. आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं) दाखवून घाबरवत असेल तर हाकलून द्या, त्यात सडक्या अंड्याच्या वासाचा हा गॅस, हायड्रोजन सल्फाइड, दिसतच नाही.

फिल्टरचं मशीन १,१२,०००, वर १८% जीएसटी २०,१६०. घरटी ९,४४०. पावती कच्ची, पक्कं बिल "मेलवर येतंय". आता हसाल, पण १९ दिवस वास खरंच गेला होता, कोण शंका घेणार? विसाव्या दिवशी परत तेच. फोन केला तर आधी बॅकवॉश घ्या (उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा), मग मीडिया, म्हणजे आतला गाळायचा माल, बदला ३८,०००, मग स्विच ऑफ. फिल्टरची टाकी उघडली तर वाळू आणि साधा कोळसा. कोळसा थोडा गॅस धरतो, भरला की संपला.

चौकीत म्हणे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. दुसऱ्या ऑफिसात म्हणे विहीर खाजगी, आमचा संबंध नाही, आणि ते सांगायला साहेबांनी तीन चकरा मारायला लावल्या, एकदा तर जेवायला गेले ते साडेचारला आले. लॅबमध्ये बाटलीतनं पाणी दिलं, रिपोर्ट आला "वास: नाही". अरे तो गॅस आहे, अर्ध्या दिवसात उडून जातो, सल्फाइड जागेवरच तपासायचं असतं हे बाटली घेतानाच सांगायचं ना! आयएस १०५०० मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, त्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलीग्रॅम आहे, ती कुणी मोजलीच नाही.

शेवटी पंपवाल्यानं सांगितलं, मागच्या वर्षी विहिरीवर स्लॅब टाकलाय, आत पाला कुजतोय, हवा नाही, मग जंतू पाण्यातल्या सल्फेटचा हा गॅस करणारच. गाळ काढला (आत माणूस उतरवू नका, हा गॅस जीव घेतो), ब्लिचिंग पावडर टाकली, स्लॅबला जाळी केली, कॉलनीच्या पाण्याच्या टाकीत पाणी शॉवरनं पाडलं, म्हणजे गॅस उडून जातो. खर्च ११,६००. पहाटे अजून थोडा वास येतो, पण चालतंय.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार टाकलीय. परवा मेसेज आला, पक्कं बिल अपलोड करा.