गावतलावांचे अक्षांश-रेखांश: गूगल, भुवन की ओपनस्ट्रीटमॅप?

भंडारा-गोंदियाकडे गावाची नोंद करायला बसलं की तलावापासूनच सुरुवात होते. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५१ साली गेली, पण माजी मालगुजारी तलाव, त्याखालच्या बोड्या (लहान तळी), पाळीवरचं (तलावाच्या बांधावरचं) देऊळ हे सगळं अजून जागेवर आहे. आम्ही काही जण आमच्या भागातल्या अशा जागांची अक्षांश-रेखांशासकट यादी करतो. आता आजूबाजूच्या तालुक्यांतले शिक्षक, पक्षी पाहणारे, मच्छीमार संस्थांचे लोक विचारतात की हे आकडे घ्यायचे कुठून? तिन्ही-चारही ठिकाणं वापरून झाल्यावर माझा कल एकीकडे झुकला आहे. तुमची गरज वेगळी असू शकते.

नागपूर, चंद्रपूर, अमरावती अशा शहराचे आकडे हवे असतील तर फार विचार करू नका, कुठूनही घ्या. खरी अडचण येते ती दोन-अडीचशे घरांच्या मौजासाठी, म्हणजे महसुली गावासाठी.

आधी तयार याद्यांबद्दल. जिओनेम्ससारखे कोश, विकिपीडियावरच्या गावांच्या चौकटी, कुंडलीच्या संकेतस्थळांवरची गावांची सूची इथे नाव टाकलं की आकडा समोर येतो. सोय मोठी आहे. पण लहान गावांच्या बाबतीत यातले पुष्कळ आकडे जवळच्या पूर्ण मिनिटावर आणून ठेवलेले असतात. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. कुंडलीला एवढ्याने काही बिघडत नाही, तलाव शोधायला मात्र बिघडतं. दशांशानंतर ०८३३३, ०६६६७, ३३३३३ अशी शेपटी दिसली की समजावं, हा आकडा मिनिटांतून आलेला आहे. आणखी एक गोंधळ इथेच होतो. साकोलीचा अक्षांश २१ अंश ५ मिनिटं असा लिहिलेला असतो. तो पुष्कळ जण २१.०५ म्हणून टाकतात. तो खरा २१.०८३ आहे, कारण ५ भागिले ६० म्हणजे ०.०८३. एवढ्याशा फरकाने खूण पावणेचार किलोमीटर दक्षिणेला सरकते.

माझा निर्णय ज्या त्रासामुळे झाला तो मात्र याहून वेगळा आहे. आकडा मिळतो, पण तो नेमका कशाचा ते कळत नाही. आमच्याकडची एखादी मौजा घ्या. एक गावठाण, नाल्यापलीकडे एक-दोन टोल्या (लहान वस्त्या), एक मोठा तलाव, दोन-तीन बोड्या, धानाच्या बांध्या (भातखाचरं) आणि कडेला झुडपी जंगल. या सगळ्याला एकच नाव. त्या नावापुढे छापलेला आकडा गावठाणाचा, मौजाच्या हद्दीच्या मधल्या बिंदूचा, की ग्रामपंचायतीच्या इमारतीचा? एका लोकप्रिय यादीतला आकडा घेऊन आम्ही गेलो, तर पोचलो धानाच्या बांधीत. गावठाण पार दुसऱ्या टोकाला होतं. तो आकडा कोणी टाकला, कधी टाकला, कशावरून टाकला याची काहीही माहिती नव्हती आणि दुरुस्त करायची सोयही नव्हती. तेव्हापासून मी पाच दशांशांच्या आकड्याला भुलत नाही. पाचवा दशांश म्हणजे साधारण एक मीटर, पण बिंदूच चुकीच्या जागेचा असेल तर त्या मीटरला अर्थ राहत नाही.

गूगल मॅप्सचा उपग्रह-फोटो आमच्या भागात तरी सर्वांत स्वच्छ वाटतो. तलावाची पाळ, सांडवा, पाळीवरची झाडं वेगवेगळी दिसतात. मोबाइलवर बोट दाबून धरलं किंवा संगणकावर उजवी क्लिक केली की त्या बिंदूचे आकडे येतात. तुम्ही जागा डोळ्यांनी ओळखून खूण करताय, त्यामुळे ‘कशाचा आकडा’ हा प्रश्न इथे उरत नाही. फक्त संगणकावर वरच्या पत्त्याच्या पट्टीतले आकडे उचलू नका. ‘@’ या चिन्हानंतर येणारे आकडे पडद्याच्या मध्याचे असतात, खुणेचे नसतात. नकाशा थोडा सरकवला की तेही बदलतात. निवडलेल्या ठिकाणाचे आकडे त्याच पत्त्यात बरेच पुढे, उद्गारचिन्हांच्या रांगेत, ‘3d’ आणि ‘4d’ यांच्या लगेच नंतर असतात.

तलावांसाठी गूगल अर्थला मी वेगळे गुण देतो, कारण त्यात जुने फोटो पाहता येतात. मे महिन्याच्या फोटोत बोडी शेतासारखीच दिसते. आणि पावसाळ्यानंतरच्या फोटोत पाण्याची कड इतकी पसरते की तलावाचा मध्य वेगळाच निघतो. म्हणून तलावाचा मध्य घेऊच नये असं माझं मत आहे. पाळीचा मधला बिंदू घ्यावा आणि जमलं तर सांडव्याचा दुसरा. या दोन जागा ऋतूप्रमाणे हलत नाहीत आणि तिथवर चालत जाता येतं. नवेगावबांधसारखा विस्तीर्ण तलाव असेल तर ‘तलावाचे अक्षांश-रेखांश’ एवढंच सांगून काहीच कळत नाही, पाळीवरची जागा सांगावी लागते.

भुवन हे इस्रोचं नकाशांचं संकेतस्थळ, २००९ पासूनचं. जमिनीचा वापर, पाणी, जंगल असे विषयवार थर त्यात आहेत आणि सरकारी प्रस्तावाला नकाशा जोडायचा असेल तर मी आधी तिकडे वळतो. नुसत्या एका बिंदूच्या आकड्यासाठी मात्र ते मोठं काम होतं. मोठा पडदा आणि बरं नेट असेल तर जरूर पाहा.

आता ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेला खुला नकाशा. पहिल्यांदा पाहाल तर आमच्या भागात हा नकाशा रिकामा वाटेल, ते मान्य. कित्येक पांदण रस्ते नाहीत, टोल्या नाहीत, बोड्या तर क्वचितच. त्याच्यावर उपग्रह-फोटो पाहायचा तर संपादनाच्या खिडकीत जावं लागतं. तलाव आकार म्हणून काढलेला असेल तर त्याचा एकच आकडा आयता मिळत नाही. तरीही माझी यादी शेवटी याच नकाशावर येऊन स्थिरावली. गाव इथे एक स्वतंत्र बिंदू असतं, तो वस्तीच्या मध्यावर ठेवायचा असा रिवाज आहे. त्या बिंदूचं पान उघडलं की आकडे दिसतात, कोणी कधी ठेवला ते दिसतं आणि जुने बदलही दिसतात. गाव की टोली की नुसतं शिवारातलं नाव, हे बाजूला नोंदवलेलं असतं. चुकलं असेल तर तुम्ही स्वतः सरकवू शकता. ओस पडलेली रिठी गावं कोण कशाला नोंदवील? पण तीही इथे टाकता येतात, मराठी नावासकट. एकाच नावाची गावं शोधली तर तालुका-जिल्ह्यासह सगळी एकाखाली एक येतात. आमच्याकडे पिंपळगाव, बोरगाव, सावंगी किती आहेत ते तुम्हाला माहीत आहेच. शिवाय ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स या मोबाइल अ‍ॅपमध्ये हा नकाशा उतरवून घेतला की जंगलात रेंज नसली तरी चालतो.

एक पथ्य पाळावं लागतं. गूगलवर पाहून घेतलेले आकडे ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरायचे नाहीत, परवान्यात ते बसत नाही. त्याच्या संपादनात दिलेले फोटो वापरा किंवा जागेवर उभं राहून मोबाइलच्या जीपीएसवर घ्या. मोकळ्या पाळीवर साधा मोबाइलही पाच-दहा मीटरपर्यंत बरोबर सांगतो असा माझा अनुभव आहे. मोहाच्या दाट सावलीत मात्र जरा थांबावं लागतं.

पाहुण्याला आजच वाट दाखवायची असेल तर गूगलवर खूण करून पाठवा, दुसरं काही बघू नका. पत्त्यासाठी डाक विभागाचा दहा अक्षरांचा डिजिपिन हवा असेल तर तोही याच आकड्यांवरून निघतो, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाचा. पण पाच वर्षांनी दुसऱ्या कोणी उघडायची यादी करत असाल, तर ओपनस्ट्रीटमॅपवर थोडी मेहनत घ्या, असं मी सुचवीन. प्रत्येक आकड्यापुढे ‘पाळीचा मध्य’, ‘सांडवा’, ‘गावठाणातला हनुमान’ असं लिहून ठेवा आणि घेतल्याची तारीखही टाका. धुऱ्याचा किंवा हद्दीचा वाद असेल तर यांतला एकही आकडा पटवाऱ्यापुढे ठेवू नका. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच लागते.