व्हॅनची पाटी पांढरी होती

कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यायला गेलो आणि फसलो. आधी आकडे सांगतो. 36,000, मग 25,000, मग 8,700 आणि शेवटी 4,350. एकूण 74,050 रुपये. चार वेळा पाठवले, चारही वेळा माझ्याच फोनवरून, मीच पिन टाकून. मुंबई-चंदीगड विमानाच्या सहा तिकिटांचे 58,920 भरले होते, रद्द केल्यावर 14,310 परत आले. म्हणजे 1,18,660 रुपये गेले, आणि त्यातले निम्मे माझे नव्हतेच. नेरूळला राहणाऱ्या माझ्या साडूंचे होते. त्यांनी एकही प्रश्न न विचारता दिले, कारण व्यवहार मी बघत होतो.

मी ठाण्यात कासारवडवलीला राहतो, नोकरी महापेला एका रसायनांच्या कंपनीत, खरेदी विभागात. नवीन पुरवठादार आला की त्याचा जीएसटी नंबर तपासणं, खातं कंपनीच्याच नावाचं आहे का बघणं, हे मी एकोणीस वर्षं करतोय. हे मुद्दाम सांगतोय. कारण ज्याला ज्याला कळलं त्याने हेच ऐकवलं की तुझं तर कामच हे. हो, माझं कामच हे आहे. कंपनीचे पैसे असते तर एक रुपया सुटला नसता.

यंदा मुलीची दहावी होती. परीक्षा झाली की हिमाचल, हे दिवाळीतच ठरलं होतं. साडूंना मधुमेह, वेळेवर जेवण लागतं. मेहुणीला रोज नवं हॉटेल, रोज बॅगा बांधणं नको वाटतं. म्हणून कॅम्परव्हॅन. आत झोपायची सोय, छोटी शेगडी, सिंक. सकाळी स्वतःचा चहा, रात्री स्वतःचा वरणभात. मार्ग मी महिनाभर बसून आखला होता. चंदीगडहून मनाली, अटल बोगद्यातून सिस्सू, केलाँग, जिस्पा, मग कुंझुम खिंड ओलांडून काझा, आणि परत येताना ताबो, नाको, कल्पा, नारकंडा करत शिमला. 9 मे ते 18 मे, दहा दिवस. सहा माणसं झोपतील अशा व्हॅन आपल्याकडे मोजक्या, मे महिन्यात त्या भराभर संपतात. मार्चमध्ये दोन ठिकाणी नकार मिळाल्यावर हा माणूस सापडला. घाई त्याने केली नाही, ती माझ्या डोक्यात आधीच होती.

त्याचं सोशल मीडियावरचं पान चांगलं भरलेलं होतं. तेवीस हजार लोक जोडलेले, रोज नवीन रील, बर्फातली व्हॅन, चहाचे वाफाळते कप. भाडं दिवसाला 9,000, दहा दिवसांचे 90,000, चाळीस टक्के आगाऊ. बाजारभावाच्या खूप खाली असतं तर मला शंका आली असती. नव्हतं. उलट मी हजार रुपये कमी करायला सांगितले तर त्याने ठाम नाही म्हटलं, आणि त्या नकारानेच माझा विश्वास बसला. हे नीट लक्षात घ्या. हल्लीचे हे लोक स्वस्त देत नाहीत.

आता तो क्षण. 21 मार्चची संध्याकाळ. मी व्हिडिओ कॉलवर व्हॅन दाखवायला सांगितलं. त्याने लगेच दाखवली, बाहेरून एक चक्कर मारली, मागचं दार उघडलं. बायको आणि मुलगी माझ्या दोन्ही बाजूंना. मुलगी म्हणाली, "बाबा, हिची पाटी पांढरी कशी? आपण गोव्याला भाड्याने घेतली होती ती काळी होती ना, पिवळी अक्षरं?"

बरोबर होतं तिचं. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ड्रायव्हरसकट मिळणाऱ्या टॅक्सीची पिवळी पाटी, काळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी, ती भाड्याने देता येत नाही, आणि अशी गाडी घेऊन आपण रस्त्यात पकडले गेलो किंवा अपघात झाला तर विमा कंपनी सरळ हात वर करते. हे सगळं मला ठाऊक होतं. गोव्यात मीच तिला समजावून सांगितलं होतं, मडगाव स्टेशनबाहेर उभं राहून.

मी काय म्हणालो? "तू थांब गं, मी बोलतोय ना."

फोनवरच्या माणसाला ते ऐकू गेलं असावं, कारण तो स्वतःहूनच म्हणाला, "सर, अभी नयी गाडी है, कमर्शियल पासिंग अगले हफ्ते हो जायेगा." मी मान डोलावली. कॉल संपल्यावर पंधरा मिनिटांत 36,000 गेले. या चार महिन्यांत पैशांपेक्षा जास्त त्रास मला मुलीला म्हटलेल्या त्या वाक्याचा झाला आहे. तिने नंतर एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आणि पाटी एकटीच नव्हती. त्याने पाठवलेल्या कार्यक्रमात 11 मे रोजी मनालीहून निघून चंद्रताल, तळ्याकाठी व्हॅनमध्ये मुक्काम असं लिहिलं होतं. अटल बोगदा झाल्यापासून, म्हणजे ऑक्टोबर 2020 पासून, रोहतांग खिंड न चढता 9.02 किलोमीटरच्या बोगद्यातून लाहौलमध्ये बारा महिने उतरता येतं, ते खरं. पण पुढे काझाकडे जाणारा कुंझुम साडेचार हजार मीटरवर आहे. तिथला बर्फ काढून रस्ता सुरू व्हायला बहुतेक वर्षी मे अखेर किंवा जून उजाडतो. चंद्रतालच्या अगदी काठावर मुक्कामाला परवानगीच नाही, तंबू काही किलोमीटर अलीकडे लागतात. ज्याची गाडी दर उन्हाळ्यात तिकडे जाते त्याला हे पाठ असायला हवं. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "इस साल बर्फ कम गिरा है सर, रास्ता जल्दी खुलेगा." मला तेच ऐकायचं होतं. नाहीतर काझासाठी शिमल्याकडूनच चढावं आणि त्याच वाटेने उतरावं लागलं असतं, आणि माझा आखलेला गोल मोडला असता. ज्याला प्रवासाची हौस आहे त्याने आपल्या आवडत्या उत्तराला सगळ्यात आधी घाबरावं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. 4 एप्रिलला परत मिळणारी अनामत म्हणून 25,000. पैसे घेणाऱ्याचं नाव भलत्याच व्यक्तीचं दिसलं तर म्हणे ते अकाउंटंटचं खातं. 26 एप्रिलला सकाळी विमा 8,700 आणि दुपारी "रोहतांग परमिट आणि ग्रीन टॅक्स" 4,350. इथे तर मी आंधळाच झालो होतो. बोगद्यातून जायला रोहतांगचं परमिट लागत नाही. खिंडीवर जायचं असेल तर लागतं, ते गाडीच्या नंबरवर ऑनलाइन निघतं आणि काही शेकड्यांत होतं. मनालीचा ग्रीन टॅक्स बाहेरच्या राज्यातल्या गाड्यांना, आणि त्याच्या व्हॅनचा नंबर हिमाचलचाच होता. मी 4,350 रुपये कशाचे दिले? पण 69,700 आधीच अडकलेले असताना माणूस 4,350 साठी वाद घालत नाही, हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

28 एप्रिलला गाडी कुठे ताब्यात घ्यायची ते विचारायला फोन केला. बंद. 29 ला मेसेजला एकच टिक. मी तरी थांबलो. डोंगरात रेंज नसेल असं बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "दोन दिवस?" 30 च्या रात्री मुलीने जीएसटीच्या सरकारी साइटवर कोटेशनवरचा नंबर टाकला. सुरुवात 07 ने, म्हणजे दिल्ली. हिमाचलचा 02 लागतो. तो नंबर निघाला एका कपड्यांच्या दुकानाचा. गाडीचा नंबर एमपरिवहन अॅपवर टाकला तर ती स्कूटर. आतल्या फोटोंपैकी तीन न्यूझीलंडमधल्या भाड्याच्या व्हॅनचे. तिथेही स्टिअरिंग उजवीकडेच असतं, म्हणून ते डोळ्याला खटकले नाहीत. सगळं शोधायला तिला वीस मिनिटं लागली.

रात्री 11.40 ला 1930 वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. लागायलाच चाळीस मिनिटं गेली. तक्रार नोंदवली, बारा आकडी व्यवहार क्रमांक चारही वेळचे दिले, पोर्टलवर पावती निघाली. हे 26 च्या दुपारी केलं असतं तर शेवटच्या दोन रकमा तरी अडवता आल्या असत्या. फोन बंद लागला, नाव वेगळं दिसलं, काहीही झालं तरी त्याच तासाला 1930 करा. "रेंज नसेल" म्हणत बसू नका.

1 मे रोजी आमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेलो. तीन तास बाकावर. मग उत्तर, गाडी चंदीगडची, माणूस तिकडचा, तिकडे तक्रार करा. मी म्हटलं पैसे ठाणे शहरात बसून, इथल्याच खात्यातून गेलेत. तर म्हणे सायबर पोलिसांकडे जा. सायबरला गेलो तर तिथून पुन्हा तेच, आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. सहा खेपा झाल्या. घोडबंदर रोडच्या त्या कोंडीत सहा वेळा, प्रत्येक वेळी अर्धा दिवस रजा. चौथ्या खेपेला मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 छापून नेलं. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 पण नेलं. समोरच्याने कागद न वाचता बाजूला ठेवला आणि विचारलं, "एवढे शिकलेले दिसता, मग कसे फसलात?"

मी काय उत्तर देऊ? माझ्या मागे एक आजोबा उभे होते, त्यांचे नऊ लाख गेले होते. त्यांनाही हाच प्रश्न विचारला जाणार होता. चोराने काय केलं हे विचारायला कुणाला वेळ नाही, आपण काय केलं नाही हे विचारायला सगळ्यांना आहे. गुन्हा अजून नोंदलेला नाही. माझ्या अर्जावर आवकचा शिक्का आहे, तेवढाच.

बँकेत 2 मे रोजी गेलो. तिथल्या बाईंनी आवाज न चढवता सांगितलं की रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवायची मुदत वगैरे त्यांना. तुम्ही स्वतः पिन टाकलाय. बरोबर. पण ज्या खात्यात माझे पैसे गेले ते खातं एखाद्या बँकेनेच उघडलंय ना? केवायसी करून, आधार-पॅन घेऊन? मग त्या माणसाचा पत्ता शोधायला काय अडचण आहे? मला माझ्याच खात्याची सही जुळत नाही म्हणून दोनदा परत पाठवणारी बँक, आणि त्या खात्यातून तासाभरात रक्कम चार ठिकाणी वळते तेव्हा कुणाला काही दिसत नाही. या प्रश्नाला "सर, आम्ही मेल केलाय" यापलीकडे उत्तर मिळालं नाही. एका खात्यात 2,118 रुपये अडवून ठेवलेत असं कळलं. ते हवे तर कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगण्यात आलं. 2,118 साठी वकील.

घरी सगळ्यात कठीण होतं साडूंना सांगणं. मी नेरूळला गेलो, स्टेशनवर उतरून अर्धा तास फलाटावरच बसलो. ते ऐकून घेऊन म्हणाले, "जाऊ द्या हो, कुणाचंही होतं." मेहुणी आत निघून गेली, चहा तिने पाठवला पण स्वतः बाहेर आली नाही. त्यांचे 59,330 मी फेडतोय. आतापर्यंत 20,000 दिले. ते नको म्हणतात, मी त्यांच्या खात्यात टाकतो.

व्हॅन घेणारच असाल तर आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाची प्रत मागा आणि अॅपवरचं नाव तिच्याशी जुळवा. पैसे फर्मच्या चालू खात्यात, नाहीतर नाही. व्हिडिओ कॉलवर त्याला गाडीचं बॉनेट उघडून चासी नंबर दाखवायला सांगा, खोटा माणूस तिथेच फोन ठेवतो. तारीख सांगून अमुक घाट उघडा असतो का ते विचारा, उत्तर आधी तुम्हाला माहीत असू द्या. आणि घरातलं कुणी काही बोललं तर फोन बाजूला ठेवून ऐका.

तेच पान नाव बदलून परत सुरू झालंय. आता जुलै-ऑगस्टच्या लडाख सहलींची आगाऊ नोंदणी चालू आहे, तोच व्हिडिओ. मी तक्रार केली तर "आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही" असं उत्तर आलं. ओळखायचंच असेल तर राखाडी व्हॅन, डाव्या दारावर पोपटी पट्टा, मागच्या काचेवर प्रार्थनेच्या पताकांचं स्टिकर, एक कोपरा सुटलेला. पाटी अजून पांढरीच आहे.