माझीच गांडुळं मला ४५० रुपये किलोनं

बायबॅक, म्हणजे आमच्याकडून पिल्लं-बियाणं घ्या, तयार माल आम्हीच परत विकत घेऊ, असं म्हटलं की पुढचं सगळं तुम्हाला पाठ आहे. इमू पक्षी झाले, २०१९ला कडकनाथ कोंबड्यांचा घोटाळा झाला, आणि तो तर आमच्याच सांगली जिल्ह्यात. तेव्हा पारावर बसून फसलेल्यांना सगळ्यांत मोठ्यानं हसणाऱ्यांत मी होतो. म्हणून हे लिहायला आठ महिने लागले.

गांडूळखताच्या बायबॅकमध्ये माझा गेलेला आकडा आधीच सांगतो, अर्धवट वाचून जाणाऱ्यांसाठी : २ लाख ८४ हजार २०० रुपये.

मी अडाणी नाही. बी.कॉम. आहे, गावच्या सोसायटीत पाच वर्षं संचालक होतो, लोकांच्या कर्जाची कागदं तपासलीत. निव्वळ लोभानं गेलो असंही नाही. आमची कृष्णाकाठची काळी जमीन, तीन पिढ्या ऊस आणि वर पाटानं मोकाट पाणी. माती तपासली तर सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीचा कस, जेमतेम ०.३४ टक्के. खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटणारा ऊस) एकरी ५५ टनांवरून ३८वर आलेला. ढेकूळ फोडायला गेलं तर विटेवर घाव घातल्यासारखं वाटतं. घरात दोन म्हशी उरल्या, त्यांच्या शेणात चार एकराला काय होणार? गांडूळखत करायचं, निम्मं रानात घालायचं, निम्मं विकायचं, एवढाच हिशेब होता. आणि बायबॅक कंपनीचा तो माणूस आला तो नेमका याच दुखण्यावर बोट ठेवत.

मेव्हण्याच्या ओळखीनं आला. गाडीतून उतरला, चहाआधी रानात गेला, मूठभर माती नाकाला लावली आणि म्हणाला, "अण्णा, ही माती उपाशी आहे." मी खलास.

ऑक्टोबर २०२४. बारा बाय चार बाय दोन फुटांचे ६ बेड, २,५०० रुपयांनी १५,०००. गांडूळ कल्चर ३० किलो, ४५० रुपयांनी १३,५००. नोंदणी ५,०००. एकूण ३३,५००. खत कंपनी जागेवरून ९ रुपये किलोनं उचलणार. शंभराच्या स्टॅम्पवर करार, आणि त्यात एक ओळ बारीक अक्षरात : वाद झाल्यास न्यायक्षेत्र पुणे. ती मी वाचली होती. वाद होईल असं वाटलंच नाही.

कल्चर म्हणजे ओलं शेण आणि त्यात गांडुळं. वजन सगळ्याचं मिळून. ३० किलोत गांडूळ किती, हे मी विचारलं नाही. तुम्ही विचारा. एका घमेल्यातलं निवडून फक्त गांडूळ काट्यावर ठेवायला लावा.

जानेवारीत खत तयार झालं. मी चाळणी काढली, तर त्याचा फोन, "अण्णा, चाळू नका, तसंच भरा, चाळताना जिवाणू मरतात." बरं, म्हटलं. चाळलं की गांडूळ वर राहतं आणि खत खाली पडतं, हे शेंबड्या पोराला कळतं. न चाळता भरलं की गांडुळं, पिल्लं, अंडी सगळी पोत्यात जातात. घरात सरकीच्या पेंडेची रिकामी पोती होती, त्यात भरलं. आई दाभणानं तोंडं शिवत बसली, निळ्या नायलॉन दोरीनं. तिची शिवण वेगळी आहे, दोन टाके सरळ आणि तिसरा उलटा. २,४०० किलो भरलं. तिसऱ्या दिवशी २१,६०० रुपये खात्यावर जमा. रोख नाही, खात्यावर! हा हप्ता मिळाला आणि मी गावभर सांगत सुटलो. चुलतभावाला मीच घातलं. त्याचे २,००० रुपये कमिशन मला आले. लिहायला नको होतं, पण लिहितो. ते त्याला परत दिलेत. त्याचे ३३,५०० मात्र गेलेच.

फेब्रुवारीत ३० बेड. ७५,००० बेडचे, १५० किलो कल्चरचे ६७,५००, आणि 'सेंद्रिय प्रमाणपत्रा'चे २१,०००. शेडनेट आणि बांबूचे ६४,००० वेगळे. शेणाच्या १४ ट्रॉल्या, ३,२०० रुपयांनी ४४,८००. उसाचं सगळं बिल यात गेलं.

आता तो दिवस. कल्चरचा टेम्पो आला. पोती उतरवत होतो. सरकीच्या पेंडेची पोती. निळी दोरी. आई ओट्यावरनं उठून आली, एका पोत्याच्या तोंडावरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही माझी शिवण हाय रं."

मी काय केलं? मी आईला म्हणालो, "तू आत जा, तुला यातलं कळत नाही." ७४ वर्षांच्या बाईला, चार माणसांसमोर.

तो माणूस हसला. "आजींची नजर भारी. अण्णा, तुमच्या खताची क्वालिटी एवढी चांगली निघाली की कंपनीनं ते कल्चर म्हणून निवडलं." आणि मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला! ९ रुपयांनी दिलेला माल ४५०नं परत घेतोय, आणि छाती फुगलेली. सोसायटीचा संचालक! तिथंच टेम्पो उभा, तिथंच पोती, तिथंच साक्षीदार. त्या क्षणी गाडी अडवली असती तर १ लाख ६३ हजार ५०० वाचले असते.

मुळात कल्चर दुसऱ्यांदा विकत घ्यायचंच कशाला? बेडमध्ये ओल आणि सावली टिकली की गांडुळं दोन-अडीच महिन्यांत दुप्पट होतात. पहिल्या ६ बेडमधली हळूहळू वाटून ३० बेड फुकटात भरले असते. पण करारात होतं की घरचं कल्चर वापरलं तर बायबॅक रद्द. ज्या योजनेत वाढणारी वस्तू पुन्हापुन्हा विकत घ्यायला लावतात, तिथं धंदा खताचा नसतो. हे आता कळतंय.

प्रमाणपत्राचं तर विचारूच नका. अकराव्या दिवशी व्हॉट्सअॅपवर आलं, मी लॅमिनेट करून भिंतीला लावलं. आता माहीत झालं की एनपीओपीखाली, म्हणजे सेंद्रिय शेतीच्या सरकारी नियमांखाली, हंगामी पिकांना रूपांतराचा काळच दोन वर्षांचा, बहुवार्षिक पिकांना तीन. पीजीएसचा, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांना प्रमाणित करायचा, गट करायचा तर किमान पाच शेतकरी लागतात आणि ते एकमेकांची शेतं तपासतात. माझ्या रानात कोण आलं होतं? माती हुंगणारा तो एकटा. मान्यताप्राप्त संस्थांची यादी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या साइटवर असते, पाच मिनिटांचं काम. भिंतीवरचं नाव त्यात नाही.

जूनमध्ये फोन बंद. पुण्याच्या पत्त्यावर गेलो तर खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर कुलूप.

मग फिरणं. तालुका कृषी कार्यालयात साहेब म्हणाले, खत नियंत्रण आदेश १९८५ खताला लागू, तुम्हाला त्यानं खत विकलं नाही, तुम्ही त्याला विकलं. तुमच्याकडं विक्रीचा परवाना आहे का? म्हणजे गुन्हेगार मीच! बरं, गांडूळ विकलं त्याचं काय? गांडूळ बियाणं नाही, खत नाही, कीटकनाशकही नाही, सबब आमच्याकडं येत नाही. पशुसंवर्धनकडं गेलो. तिथला कर्मचारी इतका हसला की शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून सांगितलं. सायबर फसवणुकीच्या १९३०वर फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, पुढं काही नाही. पोलीस ठाण्यात सलग चार वेळा एकच वाक्य : करार आहे म्हणजे दिवाणी मामला, आणि न्यायक्षेत्र पुणे. पाचव्या वेळी वकिलाचा भाचा सोबत नेला, त्यानं झिरो एफआयआर म्हटलं, म्हणजे हद्द कुठलीही असो, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ म्हटलं, तेव्हा कुठं साधा तक्रार अर्ज घेतला. पोच मागितली तर म्हणे शिक्का संपलाय. शिक्क्याची शाई संपते हो, शिक्का कसा संपतो?

अर्ज दोन प्रतींत न्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि ग्राहक आयोगाला विसरू नका, पाच लाखांपर्यंत फी नाही. समोरचा म्हणणार की खरेदी व्यावसायिक होती, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला कायद्यात सूट आहे. माझी तारीख अजून लागायचीय. स्टॅम्प, खात्याचा उतारा, व्हॉट्सअॅपचे मेसेज जपून ठेवा. मी रागाच्या भरात निम्मे मेसेज पुसले होते.

आता ३० बेड आहेत, गांडुळं जिवंत आहेत. खत रानात घालतोय, पाचट जाळणं बंद केलंय. कर्ब पुन्हा तपासलेला नाही.

गेल्या महिन्यात ठाण्यातून फोन आला. वाटलं, माणूस सापडला. हवालदार म्हणाले, "ते तुमचं गांडूळखत हाय न्हवं अजून? साहेबांच्या क्वार्टरच्या बागेला दोन पोती लागत्यात." आईला सांगितलं. तिनं काही न बोलता दाभण काढलं.